पहिली-दुसरीच्या पोरांचं इंग्रजी : आधी कान, मग तोंड, वही सगळ्यात शेवटी

जूनमध्ये पहिलीचा वर्ग हातात आला की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी पालक दारात उभा राहून विचारतो, "मॅडम, एबीसीडी कधी घेणार? त्या इंग्लिश मीडियमची पोरं तर झेडपर्यंत लिहितात." सुरुवातीची तीन-चार वर्षं मी या प्रश्नाला घाबरायचे. जुलैतच एबीसीडी गिरवून घ्यायचे, दिवाळीपर्यंत सगळ्यांच्या वह्या भरलेल्या, अक्षर असं टपोरं की तपासायला येणारे साहेब खूश, आणि त्यातल्या एकाही पोराला "शो मी युवर पेन" म्हटलं तर ते माझ्या तोंडाकडे बघत बसायचं. म्हणजे चित्रकला झाली होती, इंग्रजी नाही.

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी पाचवीपासून असायचं, माझंही तसंच झालं, त्यामुळे सहा वर्षांच्या पोराला इंग्रजी कसं शिकवतात हे मी स्वतः कधी अनुभवलेलंच नव्हतं. आपल्यातल्या बऱ्याच जणींचं हेच आहे. मग आपण पाचवीची पद्धत पहिलीला लावतो आणि पोरं अडतात. खाली लिहिलंय ते मी झेडपीच्या वर्गात करत करत, चुकत चुकत जमवलेलं आहे. अंगणवाडीच्या ताईंना आणि घरी पालकांनाही यातलं बरंच चालेल.

आधी पोराकडे काय आहे ते मोजा

पोरगं शाळेत कोरं येत नाही. पहिल्या आठवड्यात एक मोठा ड्रॉइंग पेपर भिंतीला लावा आणि पोरांना विचारा, घरात, शेतात, रस्त्यावर काय काय बघता. मोटर, स्टार्टर, पाईप, ट्रॅक्टर, ट्रॉली, चार्जर, मोबाईल, बॅट, बॉल, आऊट, शर्ट, बटन, प्लेट, कप, ग्लास, स्टँड, बस, डॉक्टर, सलाईन... साठ-सत्तर शब्द सहज निघतात. प्रत्येकाचं छोटं चित्र काढा, पोरांनाच काढू द्या. मग सांगा, हे सगळं इंग्रजी आहे, तुम्हाला येतंय की! पोरांचे चेहरे त्या वेळी बघण्यासारखे असतात. ए फॉर ॲपलने सुरुवात करण्यात मला कधी अर्थच कळला नाही, आमच्याकडे सफरचंद कुणी आजारी पडलं तरच घरात येतं, ट्रॅक्टर मात्र रोज दारात असतो.

यातच एक गोष्ट नोंदवून ठेवा, घरी कोण काय बोलतं. नंदुरबारकडे पावरी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, पालघरला वारली, तांड्यावर गोरमाटी. या पोरांना पुस्तकातली मराठी हीच दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी, आणि आपण मात्र "अगं मराठीत सांगितलं तरी कळत नाही का" म्हणून ओरडतो. पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं तेव्हा सुरुवात मुलांच्या अंगणातून, त्यांच्या आजूबाजूच्या वस्तूंपासून केली, अंगणवाडी हा शब्दच तिथून आला. तेच इथे करायचं. चित्राखाली तीन जागा ठेवा : घरचा शब्द, मराठी शब्द, इंग्रजी शब्द. घरचा शब्द आपल्याला येत नसेल तर पोराला विचारा, "तुमच्यात याला काय म्हणतात?" बाईंना येत नाही आणि आपल्याला येतं, एवढ्यावर ते पोरगं आठवडाभर खुशीत असतं.

पहिले सहा ते आठ आठवडे फक्त कान

यात वही नाही, पाटी नाही, फळ्यावर अक्षर नाही. आठच आज्ञा निवडा आणि रोज त्याच वापरा. स्टँड अप, सिट डाऊन, कम हिअर, गो बॅक, टच युवर नोज, ओपन द डोअर, गिव्ह मी, शो मी. पहिले तीन दिवस तुम्ही बोलता बोलता स्वतः करून दाखवा, पोरं बघून करतील. चौथ्या दिवशी फक्त बोला, हात हलवू नका. बघा कोण शेजारच्याकडे बघून उठतंय आणि कोण ऐकून उठतंय. हीच तुमची पहिली परीक्षा, कागद लागत नाही. मग वस्तू बदलत जा, टच द विंडो, टच द बॅग, टच समथिंग रेड. ट्रेनिंगमध्ये याला टीपीआर, म्हणजे टोटल फिजिकल रिस्पॉन्स, म्हणतात, जेम्स ॲशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांडलेली पद्धत, अंग हलवून भाषा शिकायची. नाव विसरलात तरी चालेल, खेळ विसरू नका.

एक सवय मात्र मोडायला लागेल. आपण "सिट डाऊन, खाली बसा" असं जोडून बोलतो. पोरं हुशार असतात, त्यांना कळतं की मराठी येणारच आहे मागून, मग ती इंग्रजी ऐकतच नाहीत. पहिल्यांदा सांगताना इंग्रजी, मग मराठी, मग परत इंग्रजी असं सँडविच करा, दुसऱ्या दिवसापासून मराठी काढून टाका आणि हातवारे, चित्र, वस्तू यांवर चालवा. मराठी बंद करा असं मी म्हणत नाहीये हां! गोष्ट समजावताना, खेळाचे नियम सांगताना, पोरगं रडत असताना मराठीच. मराठीत कळलेली गोष्ट इंग्रजीत पटकन बसते, उलटं होत नाही.

आणि गप्प बसणारी पोरं. वर्गात चार-पाच तरी असतात जी महिनोन्महिने इंग्रजीत तोंड उघडत नाहीत. घाबरू नका, त्यांना उभं करून "बोल, बोल" तर मुळीच करू नका. ऐकण्याचा हा काळ असतोच, काहींचा लांबतो. अशा पोराकडून आधी बोट दाखवून उत्तर घ्या, मग मान हलवून हो-नाही, मग दोनातलं एक, "कप ऑर प्लेट?", मग एक शब्द. हा जिना उतरून परत चढायला लागला तरी हरकत नाही.

अंगणवाडीत, म्हणजे तीन ते सहाच्या वयात, गाडी इथेच थांबवा. तिथे गाणी, बाहुल्या, भातुकली, रंग, वस्तू, दिवसातून दहा मिनिटं चार आज्ञा, बस. बडबडगीतं मराठीतलीच जास्त, "ये रे ये रे पावसा"वर ठेका धरणाऱ्या पोराचा कान यमकाला तयार होतो, तो पुढे कॅट-बॅट-मॅटला कामाला येतो. बोटांना मण्यांची माळ, माती, कात्री द्या. चार वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल देऊन झेडपर्यंत गिरवून घेणं ही पालकांना दाखवायची हौस आहे, मला तरी त्यात शिक्षण दिसत नाही. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही, जमेल तिथे, पाचवीपर्यंत घरची किंवा मातृभाषा माध्यम म्हणून ठेवा असंच म्हणतं.

तोंड : सुटे शब्द नको, अख्खी वाक्यं द्या

पोरं दाराशी येऊन "मेकमिन मॅडम" म्हणतात ते आठवतंय ना? त्यांना त्यातले मे, आय, कम, इन वेगळे माहीत नसतात, अख्खा एक गोळा पाठ असतो आणि तो बरोबर जागी वापरतात. ही ताकद आहे, तिला हसू नका. असे रोज लागणारे दहा-बारा गोळे द्या : आय डोन्ट नो, वन मोर टाईम, गिव्ह मी पेन्सिल प्लीज, माय टर्न, आय ॲम डन, इट्स माईन. शेवटचं तर भांडणात आपोआप वापरलं जातं, मी कधी शिकवायलाही बसले नाही.

गोष्टीसाठी स्टोरीवीव्हर ही वेबसाईट वापरा, प्रथम बुक्सची आहे, फुकट आहे, आणि एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीत सापडते. सोमवारी मराठीत सांगा, चित्रं दाखवा, पोरांना बडबडू द्या. मंगळवारी तीच इंग्रजीत, हळू, चित्रावर बोट ठेवून. बुधवारी परत इंग्रजीत, पण मध्ये मध्ये थांबा आणि पुढचा शब्द पोरांना म्हणू द्या. गुरुवारी पोरं नाटक करतात. शुक्रवारी मी मुद्दाम चुकीचं वाचते, कुत्र्याच्या जागी हत्ती, आणि सगळा वर्ग "नो मॅडम, डॉग, डॉग!" म्हणून किंचाळतो. आठवड्याला एकच गोष्ट, पाच गोष्टी नाही.

चूक सुधारताना थांबवू नका. पोरगी म्हणाली, "मॅडम, ही टेक माय पेन," तर आपण म्हणायचं, "ओ, ही टुक युवर पेन? कम, लेट्स आस्क हिम." ती बरोबर वाक्य ऐकते आणि तिचं पेनही परत मिळतं. "टेक नाही, टुक, पाच वेळा म्हण" केलं की पुढच्या वेळी ती तक्रारच मराठीत करेल किंवा करणारच नाही.

अक्षरं, पण नावाने नाही, आवाजाने

आता कुठे ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबर येतो. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून जरा लांब लिहिते.

मराठीत क ला क म्हणतात आणि त्याचा आवाजही क. पोराला वाटतं सगळीकडे असंच असणार. इंग्रजीत अक्षराचं नाव सी आणि आवाज क. मग आपण "सी ए टी कॅट" घोकून घेतो. पोराच्या डोक्याने विचार करा, सी-ए-टी हे जोडून "सीएटी" होतं, कॅट कुठून आलं? म्हणून आधी आवाज, नावं नंतर. आधी सहाच अक्षरं : एस, ए, टी, पी, आय, एन, आणि त्यांचे आवाज स्, ॲ, ट्, प्, इ, न्. या सहांतून किती शब्द होतात बघा : पिन, टिन, टिप, टॅप, पॅन, सिट, सॅट, नॅप, पॅट, अँट. म्हणजे सहा अक्षरांत पोरगं वाचायला लागतं, सव्वीस पाठ होईपर्यंत थांबायची गरज नाही. अक्षरं खोक्याच्या पुठ्ठ्यावर कापा, पोरांनी ती सरकवत सरकवत आवाज जोडायचे. मग पुढचा गट, सी, के, ई, एच, आर, एम, डी.

"एकाच अक्षराचे दोन आवाज कसे?" हा प्रश्न येतोच, सी कधी क कधी स. इथे मराठीच मदतीला येते. फळ्यावर चहा आणि चमचा लिहा आणि मोठ्याने म्हणायला लावा. च एकच, आवाज दोन! जेवण आणि जावईचा ज तसाच. पोरं स्वतःच अजून शब्द शोधायला लागतात आणि सीचा राग जातो. ही युक्ती मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळाली नाही, एका दुसरीतल्या पोराने "चमच्याचा च वेगळाच आहे की" म्हटलं तेव्हा सुचली.

मराठी तोंडाला अडणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. ॲ आणि ए : बॅट आणि बेट, पॅन आणि पेन, मॅन आणि मेन. तोंड किती उघडतं ते आरशात बघायला लावा, आरसा एकच असला तरी फिरवा. दुसरी जागा व्हीची आणि डब्ल्यूची. व्हॅनला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, वॉटरला ओठ गोल होतात. एफचंही तसंच, आपला फ दोन्ही ओठांनी होतो. पण यावर आठवडे घालवू नका, मोठेपणी समोरच्याला कळेल इतपत बोललं की झालं, आपल्याला काही बीबीसीवर बातम्या द्यायच्या नाहीयेत.

लिहिण्याची वेळ आली की चार रेघी वही. देवनागरी अक्षर वरच्या रेघेला लटकतं, इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं. हे आपण सांगतच नाही, म्हणून पोरं पी आणि जी वर लटकवतात. मी सांगते, "मराठी अक्षरं दोरीवर वाळत घातलेले कपडे, इंग्रजी अक्षरं पारावर बसलेली माणसं, काहींचे पाय खाली सोडलेले." बी-डीची उलटापालट बहुतेक पोरं करतात, पहिलीत त्यावर लाल पेन चालवू नका. आणि कॅपिटल आधी नको, स्मॉल आधी, वाचायला स्मॉलच जास्त लागतात.

वाक्यात पोरांना जागा बदलू द्या

"आय मँगो ईट" असं पोरगं म्हणतं कारण मराठीत क्रियापद शेवटी असतं, त्याचं काही चुकलेलं नाही, त्याने भाषांतर प्रामाणिकपणे केलंय. तीन पोरं उभी करा, गळ्यात पाट्या : मी, आंबा, खाते. वाक्य म्हणा. मग पाट्या उलटवा, मागे इंग्रजी शब्द, आणि "ईट"वाल्याला मधे पळायला सांगा. ते पळणं लक्षात राहतं. अशाच अजून तीन जागा सांगते, जिथे मराठी पोरं हमखास घसरतात :

"बाबा आले" म्हणून "माय फादर दे केम", कारण आपण बाबांना अहो-जाहो करतो. सांगायचं की इंग्रजीत बाबाही ही आणि बोकाही ही, त्यात अपमान नाही. "माझ्याकडे पेन आहे" म्हणून "माय पेन इज", तिथे आय हॅव्ह हा गोळा आधीच पाठ असला की सुटतं. आणि "मला भूक लागली", तिथे मला-चं इंग्रजी शोधायला गेलात की अडकलात, आय ॲम हंग्री असंच द्यायचं. द आणि अ लावायचं राहतंच, मराठीत ती भानगडच नाही, दुसरीपर्यंत मी त्याकडे कानाडोळा करते.

सेमी असेल तर गणिताची भाषा वेगळी शिकवा

सेमी इंग्लिशमध्ये गणित इंग्रजीतून असतं आणि पोराला गणित येत नाही असं आपण ठरवून टाकतो, खरं तर त्याला प्रश्न कळलेला नसतो. एकदा गणित होतं, हाऊ मेनी बर्ड्स आर लेफ्ट? एका पोरीने चित्रातले डाव्या बाजूचे पक्षी मोजले. लेफ्ट म्हणजे डावा हे तिला मीच शिकवलं होतं! तेव्हापासून भिंतीवर गणिताचे शब्द वेगळे लावते : लेफ्ट म्हणजे उरले, टेबल म्हणजे पाढा, डिफरन्स म्हणजे वजाबाकी, मोअर दॅन, लेस दॅन, इच, ऑलटुगेदर. नवीन संकल्पना आधी मराठीत, चिंचोके-काड्या घेऊन, ती कळली की त्याच दिवशी तिचे इंग्रजी शब्द.

आकड्यांची एक मजा आहे. ट्वेंटी नाईन पोरांना एकोणतीसपेक्षा सोपं जातं, जसं दिसतं तसं बोलतात. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीससाठी "वीस एक" आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पण पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या बाईला त्यामागचं दुखणं माहीत असतं. इंग्रजीत अडचण येते ती थर्टीन-थर्टी, फोर्टीन-फोर्टी यांत. ऐकून कार्ड उचलण्याचा खेळ घ्या, रोज पाच मिनिटं, दोन आठवड्यांत निघतं.

घरी काय करायचं

पालकसभेत आया हळूच म्हणतात, "मला येत नाही ओ इंग्रजी, मी काय घेऊ अभ्यास?" मी त्यांना तीन कामं देते. रोज झोपताना गोष्ट सांगा, तुमच्या भाषेत, जशी येते तशी. पोराला विचारा, "आज काय शिकलास, मला शिकव," आणि खरंच शिका, पोराला आईची बाई व्हायला प्रचंड आवडतं. आणि पाहुणे आले की "पोएम म्हणून दाखव" बंद. मोडक्या इंग्रजीत पोराशी बोलायची तर अजिबात गरज नाही, भाज्यांची नावं, नाती, म्हणी, शिव्यासुद्धा पोराला घरच्या भाषेत भरपूर मिळू देत. माता पालक गट असेल तर महिन्यातून एकदा पोरांकडून आयांनाच आठ आज्ञांचा खेळ घ्यायला लावा. आमच्याकडे आया इतक्या हसतात की शेजारचा वर्ग बघायला येतो.

कोण कुठे आहे ते कसं बघायचं

तीस पोरं रोज बघणं होत नाही. रोज पाच ठरवा, एका वहीत प्रत्येकाचं एक पान, तारीख आणि एक ओळ : "ऐकून करतो, बोलत नाही", "दोन शब्द जोडले", "टॅप वाचलं, टिप अडलं". महिन्यातून चार-पाच ओळी होतात आणि त्या मार्कांपेक्षा खूप जास्त सांगतात. पहिली संपताना मी एवढंच बघते : वीसेक आज्ञा कळतात का, दहा गोळे वापरतो का, तीन अक्षरी सोपे शब्द आवाज जोडून वाचतो का. स्पेलिंग पाठ नाही म्हणून कुणाला मागे म्हणत नाही.

एक मात्र लक्ष ठेवा. पोरगं इंग्रजीत अडतं पण घरच्या भाषेत पोपटासारखं बोलतं, गोष्ट नीट सांगतं, तर वेळ द्या, येईल. घरच्या भाषेतही अडत असेल, दोन सूचना एकदम दिल्या की हरवत असेल, हाक मारल्यावर वळत नसेल, फळ्याजवळ जाऊन बघत असेल, तर ते इंग्रजीचं दुखणं नाही. आधी कान आणि डोळे तपासून घ्या, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हा त्या पोराचं नाव स्वतःहून पुढे करा, रांगेत सगळ्यांबरोबर पटकन निघून जाऊ देऊ नका. मी एका पोराला वर्षभर "लक्ष नाही" म्हणत होते, त्याला एका कानाने ऐकूच येत नव्हतं, नंतर फक्त बाक बदलला आणि चांगला कान माझ्या बाजूला केला.

राहिलं आपलं स्वतःचं इंग्रजी. लाज वाटते ना मोठ्याने बोलायला, विशेषतः शेजारच्या वर्गात इंग्रजी चांगलं असलेले सर असतील तर. मी आठवड्याची गोष्ट रविवारी मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकते, अडलेल्या शब्दाचा उच्चार नेटवर ऐकून परत म्हणते. आणि वर्गात एखादा शब्द आलाच नाही तर पोरांसमोर सरळ म्हणते, "आय डोन्ट नो, लेट्स फाईंड आऊट." आमच्या पहिलीच्या पोरांच्या तोंडी आता हे वाक्य "मेकमिन"पेक्षा जास्त असतं, अगदी पोषण आहारात आज काय आहे विचारलं तरी.